दगड पचवायचं वय

‘खा रे बाळा, दगड पचवायचं वय आहे तुझं!’ हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी मुलगा किंवा मुलगी हैदराबादेतच काय, कुठेही सापडायची नाही. आजी म्हणते, मावशी म्हणते, लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणारे काकाही म्हणतात. त्यामागे माया असते आणि एके काळी त्यात तथ्यही होतं. चालत शाळेत जाणारा, सुट्टीत शेतात राबणारा पोरगा ताटात पडेल ते पचवत होता. कारण ताटात पडत होती ती भाकरी, वरण, भाजी आणि सणावारी गोडधोड. आज वाक्य तेच आहे, पण ताट बदललंय आणि दिवसही बदललाय. बसायचे तास वाढले, चालायचे कमी झाले आणि गोडधोडाला सण लागेनासा झाला.

या विषयावर बोलायला लागलं की दोन वाक्यं हमखास येतात. मोठी माणसं म्हणतात, ‘आजकालच्या पोरांचा जिभेवर ताबाच नाही.’ आपण म्हणतो, ‘मी कुठे जाड आहे? मला काय होतंय!’ माझ्या मते ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. आपण बारीक असलो तरी धोका आहे. आणि तो टाळण्याचा सगळा भार आपल्या जिभेवर टाकणं हा अन्याय आहे, कारण या वयात आपण काय खातो ते बऱ्याच अंशी आपण ठरवतच नाही. समोर काय ठेवलं जातं, केव्हा आणि किती रुपयांना, यावर ते ठरतं.

आधी ‘मी कुठे जाड आहे’ या वाक्याकडे बघू. मधुमेह, उच्च रक्तदाब, रक्तातली वाढलेली चरबी, यकृतात साठणारी चरबी या सगळ्यांना मिळून चयापचयाचे आजार म्हणतात. म्हणजे अन्नापासून ऊर्जा काढायची आणि साठवायची शरीराची जी व्यवस्था आहे, तिचा तोल गेला की होणारे आजार. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचा अहवाल २०२३ मध्ये आला. त्यानुसार देशात मधुमेह असलेले प्रौढ १०.१ कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले १३.६ कोटी आहेत. हे आकडे मोठ्यांचे म्हणून आपण पान उलटतो. पण २०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकारने मुलांच्या पोषणाची देशभर पाहणी केली होती. तिच्यात १० ते १९ या वयोगटातला दहातला एक जण मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाला. आणि त्याच पाहणीत त्याच वयाची वजनाने जास्त असलेली मुलं होती फक्त ५ टक्के, तर बारीक, कमी वजनाची मुलं होती २४ टक्के. म्हणजे उंबरठ्यावर उभी असलेली सगळी मुलं ‘जाड’ नाहीत, हे साध्या अंकगणितानेही कळतं.

हे कोडं उलगडायला मोठी मदत केली ती पुण्याने. तिथल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचं जन्माच्या वेळचं सरासरी वजन २.७ किलो होतं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं होतं ३.५ किलो. आपली बाळं एवढीशी, पण मोजल्यावर दिसलं की कमी पडले होते ते स्नायू. चरबी मात्र फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. पुढे ही बाळं अठरा वर्षांची झाली, तेव्हा त्यांच्यातले ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली मधुमेहाच्या उंबरठ्यावर होत्या. ही खेड्यातली मुलं आहेत, आणि त्यांच्यातली कितीतरी अंगाने सडसडीतच होती.

याज्ञिकांचंच आणखी एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. उंची-वजनाचं गणित, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, दोघांचंही अगदी सारखं होतं, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला यातलं काहीच दिसलं नसतं. म्हणून डॉक्टर आता भारतीयांसाठी पोटाचा घेर बघतात. पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. जीन्सची साइज बदलली नाही म्हणजे सगळं आलबेल, असं नसतं.

यात आपल्या वयाचं स्थान काय? वयात येताना शरीराची वाढ झपाट्याने होते आणि त्या काळात इन्सुलिनचा परिणाम नैसर्गिकपणेच थोडा कमी होतो. इन्सुलिनचं काम रक्तातली साखर पेशींमध्ये पोचवण्याचं. ते नीट होईना की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून वेळ भागवतं. बहुतेकांमध्ये वाढ पूर्ण झाली की हा ताण उतरतो. पण नेमक्या याच वर्षांत ताटात साखर, मैदा आणि तेल जास्त, प्रथिनं कमी, झोप कमी आणि हालचाल जवळपास शून्य असेल, तर तो ताण पूर्ण उतरेलच असं नाही. दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही. दगड पचत नसतात, फक्त साठत असतात.

आता दुसरं वाक्य, जिभेवरच्या ताब्याचं. यासाठी पुण्याहून आपल्या हैदराबादला येऊ. देशाने काय खावं हे सांगणारी राष्ट्रीय पोषण संस्था आपल्याच शहरात, तार्नाक्याला आहे. उस्मानिया विद्यापीठाकडे जाताना तिची पाटी आपल्यातल्या अनेकांनी बसमधून पाहिली असेल. ही संस्था १९१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुन्नूरला लहानशा स्वरूपात सुरू झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आली. तिच्या शास्त्रज्ञांनी १९८७ ते १९९० या काळात हैदराबादजवळच्या २९ खेड्यांमध्ये एक काम केलं. १५ खेड्यांत अंगणवाडीच्या योजनेतून गरोदर बायकांना आणि सहा वर्षांखालच्या मुलांना रोज मका आणि सोयाबीनच्या मिश्रणाचा उपमा दिला जात होता. उरलेल्या १४ खेड्यांत ती योजना अजून पोचायची होती. पुढे ही मुलं १३ ते १८ वर्षांची झाली, तेव्हा दोन्हीकडच्या १,१६५ मुलामुलींची तपासणी झाली आणि २००८ मध्ये निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. उपम्याच्या गावातली मुलं सरासरी १४ मिलिमीटर उंच होती. त्यांच्यातला इन्सुलिन-प्रतिरोध २० टक्क्यांनी कमी होता आणि रक्तवाहिन्याही थोड्या जास्त लवचिक होत्या.

फरक फार मोठा नाही आणि उपम्याबरोबर लसीकरण, औषधपाणी या गोष्टीही त्या गावांत आल्या होत्या, हे मान्य. शिवाय तो बाळपणीच्या खाण्याचा अभ्यास होता, कॉलेजच्या नाही. तरी मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या मुलांपैकी कुणाचीही इच्छाशक्ती दांडगी नव्हती. कुणी त्यांना आहारावर व्याख्यान दिलं नाही. कुणीतरी रोज, वेळेवर, फुकट, बऱ्यापैकी अन्न समोर ठेवलं, एवढंच. आणि त्याची खूण दहा-पंधरा वर्षांनी रक्तात सापडली.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही खरी आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुळं मराठवाड्यात आहेत. निजामाच्या राज्यात मराठवाडा आणि तेलंगणा एकत्र होते आणि दोन्हीकडचं रोजचं धान्य होतं ज्वारी. तिकडे भाकरी, इकडे जोन्न रोट्टे. १९८३ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलो तांदूळ आणला. त्याने गरिबांची भूक भागली, हे मोठंच काम झालं. पण स्वस्त पांढरा भात घराघरांत आला तशी ज्वारी मागे सरत गेली. आजीने एके दिवशी उठून ‘मी आता ज्वारी खाणार नाही’ असा निश्चय केला नव्हता. ताट सरकारी दुकानाने बदललं. आता तीच ज्वारी ‘मिलेट’ म्हणून चकचकीत पाकिटात, चौपट भावाने आपल्याला परत विकली जातेय, ही गंमत वेगळीच.

आता या शहरातल्या विद्यार्थ्याचा दिवस बघा. दहावी झाली की इंटरची दोन वर्षं. कितीतरी जणांची ती वर्षं हॉस्टेल असलेल्या ज्युनियर कॉलेजात जातात. पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यासाचे तास, मैदान नावालाही नाही, जेवायला मोजून मिनिटं आणि ताटात भाताचा डोंगर, पातळ सांबार, लोणचं. सोळा ते अठरा हे वय त्यात निघून जातं. मग डिग्री कॉलेज. सकाळचा नाश्ता बसच्या नादात राहतो. अकराला कॅन्टीनमध्ये चहा आणि एग पफ, नाहीतर समोसा. दुपारी फ्राइड राइस किंवा नूडल्स. चारला इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं. संध्याकाळी मिर्ची भजी, सोबत थंड पेय. रात्री रूमवर चौघांनी मिळून मागवलेली बिर्याणी, तीही अकरा वाजता. यातला एकही पदार्थ विष नाही. बिर्याणी तर आपल्या शहराची ओळख आहे, तिला कुणी नाव ठेवलं तर मीच आधी ‘नक्को मियाँ’ म्हणेन. प्रश्न सणाचा किंवा शनिवारच्या पार्टीचा नाहीच. प्रश्न सोमवार ते शुक्रवारचा आहे.

या दिवसात प्रथिनं शोधून बघा. पोषण संस्थेच्या हिशोबाने १६ ते १८ वर्षांच्या मुलाला रोज साधारण ५५ ग्रॅम आणि मुलीला ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात असतात सहाच्या आसपास. पफमध्ये तेही बहुतेक वेळा अर्धंच अंडं! उलट साखर न शोधता सापडते. थंड पेयाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण १० ग्रॅम साखर असते. म्हणजे पाव लिटरच्या एका बाटलीतच २५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेची जी दिवसाची आदर्श मर्यादा सांगते, ती इथेच संपली. चहा, बिस्किटं अजून बाकीच. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं, तेव्हा दिलेला आकडाही असाच आहे. ११ ते १८ वर्षांच्या मुलांच्या रोजच्या ऊर्जेत साखरेचा वाटा १५ टक्के आहे, हवा फक्त ५ टक्के.

आणि यापुढचं पानही याच शहरात लिहून ठेवलेलं आहे. हैदराबाद विद्यापीठ आणि एआयजी हॉस्पिटल्सच्या संशोधकांनी इथल्या आयटी क्षेत्रातल्या ३४५ कर्मचाऱ्यांची तपासणी केली. २०२५ मध्ये आलेल्या त्या अहवालात ८४ टक्के जणांच्या यकृतात प्रमाणाबाहेर चरबी सापडली. ही माणसं परकी नाहीत. आपल्याच कॉलेजांतून बाहेर पडून माधापूर, गच्चीबावलीला गेलेले आपले सीनियर आहेत, आपली भावंडं आहेत. पहिल्या नोकरीच्या खुर्चीत बसल्यावर हा आजार एका दिवसात उगवत नाही. बसून राहायची आणि हाताला लागेल ते खायची सवय आधीच्या वर्षांत लागलेली असते.

मग कायदा काय करतो? २०२० च्या अन्न सुरक्षा नियमांनुसार शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ विकायला बंदी आहे. महाराष्ट्राने तर २०१७ मध्येच शाळांच्या कॅन्टीनसाठी असा आदेश काढला होता. पण हे सगळं शाळेपुरतं. कॉलेजांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये कॅन्टीनमधून जंक फूड हटवा अशी पत्रं पाठवली. पत्रं आली, बहुधा नोटीस बोर्डावरही लागली असतील. पफचा ट्रे मात्र तिथेच आहे.

इथे काही मित्रमैत्रिणी नक्की म्हणतील, ‘आम्ही सज्ञान आहोत. मतदान करतो. काय खायचं ते कॉलेजने का ठरवावं?’ बरोबर आहे, मलाही बंदीचं आकर्षण नाही. बंदी आली की पफ फाटकाबाहेरच्या टपरीवर जाईल, एवढंच. पण निवड करायला समोर दोन गोष्टी तरी हव्यात ना? पंधरा पदार्थांपैकी चौदा तळलेले किंवा मैद्याचे असतील तर त्याला स्वातंत्र्य म्हणायचं का? दुसरा आक्षेप पैशाचा. पौष्टिक म्हणजे महाग, हे डोक्यात बसलंय ते पाकिटांच्या जाहिरातींमुळे. उकडलेलं अंडं, चण्याच्या घुगऱ्या, ज्यांना इथे गुग्गिळ्ळु म्हणतात, मोड आलेल्या मटकीची उसळ, पेसरट्टू, केळं, ताक. यातलं काय महाग आहे? काय परकं आहे?

एक भीती मात्र मला खरी वाटते. आहाराचा विषय निघाला की पंधरा मिनिटांत तो मुलींच्या अंगावर घसरतो. कोण जाडी, कोण ‘हेल्दी’, कुणी रात्रीचं जेवण सोडलं. उपाशी राहणं म्हणजे चांगला आहार नव्हे, आणि कुणाचं वजन हा दुसऱ्या कुणाच्या चेष्टेचा विषय नव्हे. बारीक माणसालाही धोका आहे हे एकदा समजलं तर ही चेष्टा थोडी तरी थांबेल, अशी आशा आहे. म्हणून माझी विनंती अशी की कॉलेजात वजनकाटा आणू नका. कॅन्टीनचा फळा बदला.

आमच्याकडे, कॅथलिक घरांत, उपवासकाळाचे चाळीस दिवस पाळले जातात. कुणी मांस सोडतं, कुणी गोड. ते जमतं, कारण अख्खं घर आणि अख्खी धर्मसभा तेच करत असते. ईस्टरनंतर तोच माणूस एकटा पडला की जुनं वळण परत येतं. म्हणजे तेव्हाही एकट्याची इच्छाशक्ती पुरी पडलेली नव्हतीच, आजूबाजूच्या सगळ्यांची साथ होती.

बायबलमध्ये दानिएलाची गोष्ट आहे. यहुदी तरुणांना बॅबिलोनला नेलं जातं. तीन वर्षांचं शिक्षण, राहायला राजवाडा आणि जेवायला राजाच्या मुदपाकखान्यातलं अन्न आणि द्राक्षारस. एक प्रकारचं हॉस्टेलच. दानिएल ते नाकारतो आणि दहा दिवस फक्त भाजीपाला, कडधान्यं आणि पाणी यांवर राहून दाखवतो. तिथला प्रश्न धर्माचा होता, आरोग्याचा नव्हे, हे मला माहीत आहे. पण प्रवचनात ही गोष्ट नेहमी निग्रहाची म्हणून सांगतात, आणि त्यातला एक तपशील निसटतो. दानिएल नुसता ताट बाजूला सारून गप्प बसला नाही. तो आपले तीन मित्र घेऊन कारभाऱ्याकडे गेला आणि नम्रपणे म्हणाला, आमचं जेवण बदलून द्या, दहा दिवसांनी तुम्हीच बघा.

आपणही तेच करूया. राजाशी भांडायचं नाही, कारभाऱ्याकडे जायचं. प्राचार्यांकडे आणि कॅन्टीन समितीकडे घेऊन जाण्यासारख्या माझ्या मागण्या पाचच आहेत. प्रत्येक मजल्यावर स्वच्छ थंड पाणी फुकट मिळावं, म्हणजे तहानेपोटी कुणी कोला विकत घेणार नाही. चहात साखर वेगळी द्यावी, ज्याला जेवढी हवी तेवढी तो घालेल. कडधान्याचा किंवा अंड्याचा एक पदार्थ रोज असावा आणि तो पफपेक्षा स्वस्त असावा. थंड पेयाच्या फ्रिजवर प्रत्येक बाटलीत किती चमचे साखर आहे ते लिहावं, मराठी, तेलुगू, उर्दू, इंग्रजी, सगळ्या भाषांत. आणि वेळापत्रकात जेवणासाठी पूर्ण चाळीस मिनिटं असावीत, कारण दहा मिनिटांत माणूस फक्त पफच खाऊ शकतो.

सुरुवात मात्र आपल्या मंडळापासून व्हावी. कुठल्याही साहित्यिक कार्यक्रमात अल्पोपाहाराचं ठरलेलं खोकं असतं: समोसा, वेफर्स, एक बर्फी, छोटी कोल्ड्रिंक. पुढच्या कविसंमेलनात त्याऐवजी उसळ, केळं आणि ताक ठेवून बघू. कविता काही त्याने वाईट होणार नाहीत. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. ज्यांना पटतंय त्यांनी या, आणि ज्यांना पटत नाही त्यांनीही जरूर या. निवेदनावर सह्या मात्र बैठक संपल्यावर घेऊ, आधी नीट वाद घालू.